नेटबुक भंगारात काढण्याआधी एक पेनड्राइव्ह लावून पाहावा

संपादक महोदय,

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० च्या मोफत सुरक्षा-दुरुस्त्या देणे थांबवले. तेव्हापासून शाळा, सार्वजनिक ग्रंथालये, लहान पतसंस्था आणि घरे अशा सर्वच ठिकाणी जुन्या संगणकांचे करायचे काय, हा प्रश्न विचारला जात आहे. घरगुती वापरकर्त्यांना नोंदणी करून मिळणारी वाढीव मुदतही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच आहे. विंडोज ११ साठी ६४ बिट प्रोसेसर, किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय लागते; साधारण २००८ ते २०१२ या काळात विकल्या गेलेल्या दहा इंची नेटबुकांपैकी, म्हणजे छोट्या, स्वस्त लॅपटॉपांपैकी, एकही या सर्व अटींत बसत नाही. त्यामुळे दुकानात नेलेल्या नेटबुकाबद्दल एक तर ‘भंगारात काढा’ असा सल्ला मिळतो, नाही तर ‘फॉरमॅट मारून विंडोज सेव्हन टाकून देतो’ अशी तयारी दाखवली जाते. पेनड्राइव्हवरून लिनक्स ही विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली टाकण्याचा तिसरा मार्ग आहे, हे सांगणारे थोडे. आणि जे सांगतात तेही ‘दहा मिनिटांचे काम’ म्हणून मोकळे होतात, मग पहिल्याच अडचणीला माणूस नाद सोडतो. म्हणून या विषयावर थोडे सविस्तर लिहीत आहे.

नेटबुक हा प्रकार विंडोजसाठी जन्मलेला नव्हता, याचे विस्मरण झाले आहे. ऑक्टोबर २००७ मध्ये आसूसने बाजारात आणलेल्या ‘ईई पीसी ७०१’ला सात इंचांचा पडदा, ५१२ एमबी रॅम आणि ४ जीबी साठवण होती आणि त्यावर झँड्रॉस हे लिनक्स होते. पुढच्या वर्षी आलेल्या एसरच्या ‘अॅस्पायर वन’च्या मूळ आवृत्तीत लिनपस नावाचे लिनक्स होते. शाळकरी मुलांसाठी बनवलेला, ‘प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप’ या प्रकल्पाचा हिरवा-पांढरा संगणक २००७ साली आपल्या रायगड जिल्ह्यातील एका छोट्या वाडीवरच्या शाळेत आला, त्यातही फेडोरा लिनक्सच होते. व्हिस्टा ही तेव्हाची नवी विंडोज या यंत्रांना झेपणारी नव्हती, म्हणून मायक्रोसॉफ्टने ३० जून २००८ ला एक्सपी या आधीच्या विंडोजची सर्वसाधारण विक्री बंद करतानाच नेटबुकांपुरती तिची होम आवृत्ती चालू ठेवली, पण यंत्रात १ जीबीहून अधिक रॅम असू नये यांसारख्या अटींवर. आज कपाटातून काढलेल्या बहुतेक नेटबुकांत नेमकी १ जीबी रॅम सापडते, त्यामागे ही अट आहे; यंत्राची कुवत तेवढीच होती असे नाही. अनेकांत २ जीबीची पट्टी बसते आणि ती बसवणे हा या यंत्रावर करता येण्याजोगा सर्वांत फायद्याचा खर्च आहे.

दुकानातल्या ‘सेव्हन टाकून देतो’ या उपायाविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. एक्सपीचा सांभाळ ८ एप्रिल २०१४ ला आणि विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० ला थांबला. शिवाय अशा वेळी टाकली जाणारी प्रत बहुधा परवान्याची नसते; ती चालू करण्यासाठी वापरलेल्या क्रॅकमध्ये काय दडले आहे, हे टाकणाऱ्यालाही ठाऊक नसते. अशा यंत्रावर पतसंस्थेचे हिशेब किंवा विद्यार्थ्यांची माहिती ठेवणे मला बेजबाबदारपणाचे वाटते.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळतो. नेटबुकांना सीडी लावण्याची जागाच नसते, म्हणून नवी प्रणाली आत नेण्याचा व्यवहार्य रस्ता म्हणजे पेनड्राइव्ह. लिनक्सच्या संकेतस्थळावरून जी आयएसओ फाइल (संपूर्ण प्रणाली सामावलेली एकच फाइल) मिळते ती पेनड्राइव्हवर नुसती कॉपी करून भागत नाही, आणि बहुसंख्य लोक अडतात ते इथेच. यंत्र सुरू होताना त्यातील बायॉस, म्हणजे यंत्र चालू करणारी आतली मूळ प्रणाली, पेनड्राइव्हच्या अगदी सुरुवातीच्या भागात प्रणाली सुरू करणारा छोटा कार्यक्रम शोधतो. फाइल कॉपी केल्याने तो भाग तयार होत नाही. त्यासाठी विंडोजवर रुफस, लिनक्सवर डीडी ही आज्ञा किंवा असेच एखादे साधन वापरून ती फाइल पेनड्राइव्हवर ‘लिहावी’ लागते. या क्रियेत पेनड्राइव्हवरचा आधीचा सर्व मजकूर पुसला जातो, आणि डीडी वापरताना पेनड्राइव्हऐवजी चुकून संगणकाच्या डिस्कचे नाव दिले तर ती डिस्क कोणताही प्रश्न न विचारता पुसली जाते. म्हणून नवख्याने रुफसच वापरावे. रुफसमध्ये जुन्या नेटबुकासाठी ‘एमबीआर’ ही मांडणी निवडायची असते, ‘जीपीटी’ निवडल्यास जुना बायॉस पेनड्राइव्हला ओळखत नाही. उतरवलेल्या फाइलची एसएचए-२५६ बेरीज (फाइल शाबूत उतरली का हे पडताळण्याचा आकडा) संकेतस्थळावर दिलेल्या बेरजेशी जुळवून पाहणे हा कंटाळवाणा भाग आहे, परंतु मोबाइलच्या डेटावर तुकड्यातुकड्याने उतरवलेली अर्धवट फाइल हे पुढच्या कितीतरी गूढ बिघाडांचे कारण असते.

पेनड्राइव्ह लावल्यावर यंत्र त्याच्यावरून सुरू व्हावे यासाठी आसूसमध्ये एस्केप, एसर व डेलमध्ये एफ १२, एचपीमध्ये बहुधा एफ ९ अशी कळ सुरुवातीलाच दाबावी लागते. एसरच्या पुष्कळ नेटबुकांत एफ १२ ची ही सोय मुळातच बंद ठेवलेली असते आणि एफ २ दाबून बायॉसमध्ये जाऊन ती आधी चालू करावी लागते. ईई पीसीमध्ये ‘बूट बूस्टर’ नावाची घाई करणारी सोय असते. ती बंद केल्याशिवाय कोणतीही कळ लागू पडत नाही. ‘पेनड्राइव्ह घेतच नाही’ ही तक्रार बहुतांशी या दोन गोष्टींपाशी येऊन मिटते.

सर्वांत अधिक गोंधळ आहे तो ३२ बिट आणि ६४ बिट, म्हणजे प्रोसेसर जुन्या घडणीचा की नव्या, या बाबतीत, आणि माझ्या मते नेटबुक वाचणार की जाणार याचा निकाल इथेच लागतो. इंटेलच्या अॅटम मालिकेतील एन २७० आणि एन २८० हे सुरुवातीचे प्रोसेसर फक्त ३२ बिटचे आहेत. त्यांच्यावर ६४ बिट प्रणाली कोणत्याही युक्तीने चालणार नाही. मात्र २०१० पासून आलेले एन ४५०, एन ४५५, एन ५५०, एन ५७० हे ६४ बिटचे आहेत. अडचण अशी की या दुसऱ्या पिढीच्या नेटबुकांसोबत विंडोज ७ ची ‘स्टार्टर’ आवृत्ती दिली जात असे, जिच्यात पडद्यामागचे चित्रसुद्धा बदलता येत नसे, आणि ती केवळ ३२ बिटमध्येच उपलब्ध होती. त्यामुळे ‘सिस्टिम’च्या खिडकीत ‘३२ बिट ऑपरेटिंग सिस्टिम’ असे वाचून मालक आपले यंत्रच ३२ बिटचे आहे अशी समजूत करून घेतो, दुकानदारही तेच सांगतो, आणि ज्या यंत्राला आजची चालू प्रणाली मिळू शकली असती ते विनाकारण बाद ठरते. त्या खिडकीतील ती ओळ प्रणालीविषयी आहे, यंत्राविषयी नाही. पाहायचे ते त्याच खिडकीत वर लिहिलेले प्रोसेसरचे नाव आणि क्रमांक.

तिसराही एक वर्ग आहे. साधारण २०१४-१५ मध्ये स्वस्तात विकले गेलेले, २ जीबी रॅम आणि ३२ जीबी साठवणीचे छोटे लॅपटॉप आणि कळफलक जोडता येणारे टॅब अॅटम झेड ३७३५ एफ या प्रोसेसरवर चालतात. तो प्रोसेसर ६४ बिटचा, पण यंत्र सुरू करणारे यूईएफआय मात्र ३२ बिटचे, अशी विचित्र जोडी त्यांत असते. अशा यंत्रावर नेहमीचा ६४ बिट पेनड्राइव्ह लावला तर तो यादीत दिसतसुद्धा नाही आणि माणूस पेनड्राइव्हलाच दोष देतो. येथे ३२ बिट यूईएफआयचा आरंभक सोबत असलेली लिनक्सची आवृत्ती शोधावी लागते. हे करता येते, पण हे काम जाणकाराचे आहे. घरी प्रयोग म्हणून मी त्याची शिफारस करणार नाही.

निव्वळ ३२ बिटच्या यंत्रांबाबत मात्र वेळ खरोखरच थोडा उरला आहे. उबुंटू या लोकप्रिय लिनक्सने २०१७ मध्येच आपल्या मुख्य आवृत्तीची ३२ बिट फाइल देणे थांबवले. ९ ऑगस्ट २०२५ रोजी आलेल्या डेबियन १३ या लिनक्समध्ये ३२ बिट पीसीसाठी प्रस्थापकही (इन्स्टॉल करणारा कार्यक्रम) नाही आणि कर्नलही (प्रणालीचा गाभा) नाही. म्हणजे एन २७० च्या मालकाला डेबियन १२ किंवा तिच्यावर आधारलेली अँटीएक्स २३, एमएक्स २३ यांसारखी हलकी प्रणाली घ्यावी लागेल, आणि डेबियन १२ चा दीर्घकालीन सांभाळ जून २०२८ पर्यंत आहे. ब्राउझरचे त्याहून आधी अडणार आहे. फायरफॉक्सने १४५ व्या आवृत्तीपासून लिनक्सवरील ३२ बिटचा पाठिंबा काढून घेतला असून त्याची १४० ही दीर्घ मुदतीची आवृत्ती किमान सप्टेंबर २०२६ पर्यंत चालेल असे जाहीर केले आहे. तेव्हा ज्या संस्थेला अशी यंत्रे इंटरनेटवर वापरायची आहेत तिने फार लांबचे बेत करू नयेत. इंटरनेटशिवाय वापरायची असतील तर ही मुदत आड येत नाही. ६४ बिटच्या यंत्रांना यांपैकी कोणतीच कालमर्यादा लागू नाही. म्हणूनच आधी प्रोसेसर पाहावा असे मी आग्रहाने म्हणतो.

पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू केल्यावर लगेच ‘इन्स्टॉल’वर बोट ठेवू नये. बहुतेक प्रणाली पेनड्राइव्हवरूनच पूर्ण चालतात आणि आतल्या डिस्कला तोवर धक्का लागत नाही. या अवस्थेत वाय-फाय जोडले जाते का, आवाज येतो का, झाकण मिटून उघडल्यावर यंत्र जागे होते का, हे सगळे तपासून घ्यावे. ब्रॉडकॉम कंपनीची वाय-फाय चिप असेल तर तिचे फर्मवेअर (चिप चालवणारा आतला कार्यक्रम) पुष्कळदा वेगळे टाकावे लागते. अशा वेळी मोबाइल केबलने जोडून त्याचे इंटरनेट घेतले की काम होते. डेबियनने १२ व्या आवृत्तीपासून बंदिस्त फर्मवेअरही प्रस्थापकासोबतच द्यायला सुरुवात केल्यामुळे पूर्वीचा बराच त्रास कमी झाला आहे. एन २७० सोबतचा इंटेलचा जीएमए ९५० हा चित्रविभाग लिनक्सवर उत्तम चालतो, पण जीएमए ५०० आणि एन २६००, एन २८०० या प्रोसेसरांसोबतचा जीएमए ३६००/३६५० या दोन्हींचा गाभा दुसऱ्या कंपनीचा असल्याने लिनक्सवर त्यांचा अनुभव आजही वाईट आहे. तशा यंत्रांच्या मागे लागू नये.

पडदा १०२४ बाय ६०० ठिपक्यांचा असल्यामुळे प्रस्थापकाच्या खिडकीतील ‘पुढे’ हे बटण खाली दडून राहते आणि यंत्र अडकले असे वाटते. ऑल्ट कळ दाबून माउसने खिडकी वर ओढली की ते दिसू लागते. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या यंत्रातील बायॉसचा गोल सेल संपलेला असतो, घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते, आणि मग प्रत्येक संकेतस्थळ ‘असुरक्षित’ असल्याचा इशारा ब्राउझर देऊ लागतो, लिनक्सचे नवे पॅकेजही (कार्यक्रमाचा संच) उतरत नाही. लिनक्स बिघडले असे समजून लोक पुन्हा सारे पुसतात, जिथे तारीख दुरुस्त करून सेल बदलणे पुरेसे असते. नेटबुकाची मूळ बॅटरीही आता मेलेलीच धरून चालावे आणि लोडशेडिंगच्या वेळा पाहून काम सुरू करावे, कारण प्रस्थापन चालू असताना वीज गेली तर डिस्क अर्धवट लिहिलेल्या अवस्थेत राहते.

एवढे करून हाती काय लागते, याबद्दल अवास्तव आशा दाखवणे मला मान्य नाही. १ जीबी रॅमवर आजच्या संकेतस्थळांची दोन-तीन पाने उघडली की यंत्र धापा टाकू लागते. व्हिडिओ बैठका या प्रोसेसरांवर होणार नाहीत. टॅली किंवा केवळ विंडोजवर चालणारी हिशेबाची कोणतीही प्रणाली ज्यांना लागते त्यांनी या वाटेला जाऊ नये. परंतु लिबरऑफिसमध्ये मराठी पत्रव्यवहार, शाळेची वेळापत्रके आणि गुणपत्रके, पीडीएफ पाठ्यपुस्तकांचे वाचन, टंकलेखनाचा सराव, ग्रंथालयातील पुस्तकांची सूची पाहण्याची खिडकी, प्रोग्रॅमिंगचे पहिले धडे या कामांना ही यंत्रे पुरून उरतात. जुनी फिरती डिस्क काढून त्या जागी लहान एसएसडी बसवली तर सुरू होण्याचा वेळ पुष्कळ कमी होतो.

मराठीची सोय लिनक्सवर आहे का, असे मला अनेकदा विचारले जाते. लोहितसारखे युनिकोड फाँट आणि इन्स्क्रिप्ट कळफलक दोन्ही मोफत मिळतात, एकदा सेटिंगमध्ये चालू केले की झाले. खरी अडचण जुन्या मजकुराची आहे. युनिकोडपूर्वीच्या श्रीलिपी किंवा कृतिदेव या पद्धतीच्या फाँटांत टंकलेली इतिवृत्ते, प्रश्नपत्रिका, स्मरणिका लिनक्सवर उघडल्या तर पडद्यावर निरर्थक चिन्हे दिसतात. म्हणून विंडोज पुसण्याच्या आधी असा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा. निदान त्याची पीडीएफ आणि मूळ फाइल दोन्ही दुसऱ्या डिस्कवर ठेवाव्यात. ज्या यंत्रातील विंडोज आता सुरूच होत नाही त्यातील फाइलीही, डिस्क धड असेल तर, पेनड्राइव्हवरील लिनक्समधून बाहेर काढता येतात. केवळ या एका उपयोगासाठीही प्रत्येक शाळेने असा एक पेनड्राइव्ह तयार ठेवायला हरकत नाही.

शेवटी शाळांविषयी, कारण मूळ मुद्दा तिथलाच आहे. अनुदानातून किंवा देणगीतून आलेली यंत्रे डेडस्टॉक रजिस्टरवर चढतात आणि चालेनाशी झाली की निर्लेखनाच्या, म्हणजे नोंदीतून कमी करण्याच्या, प्रस्तावात ‘नादुरुस्त’ असा एकच शेरा घेऊन बाहेर पडतात. प्रणाली बिघडली की यंत्र बिघडले, हा भेद त्या शेऱ्यात होत नाही. केरळमधील शाळांत गेली अनेक वर्षे मुक्त प्रणालीवर शिकवले जाते आणि त्यासाठी तेथील शासनाची ‘काइट’ ही संस्था स्वतःची लिनक्स आवृत्ती तयार करून देते. आपल्याकडे मुंबईच्या आयआयटीने ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्स आणि लिबरऑफिसचे धडे मराठी आवाजातही उपलब्ध करून दिले आहेत. शिकायचे साधन आहे, यंत्रेही कपाटात आहेत.

माझी शिक्षण विभागाला आणि संस्थाचालकांना विनंती आहे की संगणकाच्या निर्लेखन प्रस्तावात तीन रकाने वाढवावेत: प्रोसेसरचे नाव व क्रमांक, रॅम किती, आणि पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहिले काय. ही तपासणी जवळच्या आयटीआय किंवा तंत्रनिकेतनातील विद्यार्थी प्रात्यक्षिक म्हणून करू शकतील. जी यंत्रे तरीही बाद ठरतील त्यांची डिस्क त्याच पेनड्राइव्हवरून पूर्ण पुसून, मगच ती ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार नोंदणी असलेल्या पुनर्चक्रण करणाऱ्याकडे द्यावीत. आज पुष्कळदा विद्यार्थ्यांच्या नावानिशी याद्या असलेल्या डिस्का रद्दीवाल्याच्या वजनकाट्यावर जातात.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, सांगली